धूर कोठे जाई?

दुपारी पावणेएकला लेकीचा फोन आला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण आपल्याकडे पावणेएक म्हणजे तिकडे कॅनडात विनिपेगला रात्रीचा सव्वा, साडेअकरा तासांचा फरक आहे, आणि रात्री सव्वा वाजता दोन वर्षांच्या पोराची आई उगाच फोन करत नाही. मी ओसरीवर पाठीला ऊन घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. जानेवारीतलं फैजपूर, सकाळी नऊ-दहा अंश आणि दुपारी पाठ भाजेल असं ऊन.

"मम्मी, फर्नेस बंद पडलीय."

बाहेर किती आहे विचारलं तर उणे ३३. घरात? "सोळा. मघाशी अठरा होतं."

आता ज्यांनी तिकडचा हिवाळा पाहिला नाही त्यांना हे कसं सांगावं कळत नाही. आपल्याकडे धुळ्याचा पारा पाच-सहावर आला की बातमी होते, आणि वर सातपुड्यात डाबकडे दवबिंदू गोठले की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, गवतावर पांढरी भुकटी बसल्यासारखी. आपण तो फोटो एकमेकांना पाठवतो. तिकडे त्या थंडीत माणसं मुलांना शाळेत सोडतात, पण हे सगळं चालतं ते एका गोष्टीच्या भरवशावर, बेसमेंटमध्ये फ्रीजएवढं एक लोखंडी कपाट असतं, गॅसवर चालणारं, ते हवा गरम करून पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतं. ती फर्नेस. ती बंद पडली आणि काही तासांत चालू झाली नाही तर नुसती माणसं गारठत नाहीत, भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि मग घर राहायच्या लायकीचं राहत नाही.

मी ती फर्नेस पाहिलेली आहे. दोन हिवाळ्यांआधी, शाळेतून रिटायर झाले त्याच वर्षी, लेकीच्या बाळंतपणाला पाच महिने राहून आले. बाहेर जाणं नाही, ओळखीचं कोणी नाही, मग मी घरातच हिंडायचे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईची सवय, जे दिसेल ते काय आहे विचारायचं. घराच्या मागच्या भिंतीतून मांडीएवढ्या उंचीवर दोन पांढरे पाइप बाहेर आलेले होते, आपल्याकडे सांडपाण्याला वापरतात तसलेच पीव्हीसीचे. एकातून सतत पांढरी वाफ निघायची, दुसरा नुसता तोंड उघडं ठेवून असायचा. जावईबापूंनी सांगितलं, एक श्वास घ्यायचा, एक सोडायचा. तिकडची घरं इतकी घट्ट बंद असतात की फर्नेसला जाळायला लागणारी हवाही घरातली घेत नाहीत, बाहेरून ओढतात आणि जळालेली बाहेर सोडतात.

आणि खाली बेसमेंटमध्ये त्या कपाटाच्या पोटातून बोटाएवढी एक नळी निघून फरशीतल्या जाळीवर सोडलेली होती, त्यातून टिपटिप पाणी गळत होतं. मी म्हटलं कुठेतरी लीक आहे बरं का, प्लंबर बोलवा. तर ते हसले, म्हणाले, "मम्मी, ते गॅस जळून तयार झालेलं पाणी आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. २९ वर्षं मी फळ्यावर ते समीकरण लिहिलं, मिथेनचा एक रेणू, ऑक्सिजनचे दोन, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन. पोरांकडून घोकून घेतलं. १६ ग्रॅम मिथेन जळलं की ३६ ग्रॅम पाणी, म्हणजे जाळला त्याच्या सव्वादोन पट, हा हिशोब मी स्वतः परीक्षेत विचारलेला आहे. पण जाळातून पाणी येतं हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते असं समोर टपटपताना पाहिलं तेव्हा मला वर्गातली सगळी पोरं आठवली, वाटलं यांना एकदा हे दाखवता आलं असतं तर. आपला स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलेंडर घ्या, तो पूर्ण जळला की बावीस-तेवीस लिटर पाणी तयार होतं, वाफ होऊन खिडकीतून निघून जातं म्हणून कळत नाही एवढंच. थंडीत स्वयंपाकघराच्या काचेवर जे घामासारखं येतं, त्यात पातेल्यातल्या वाफेबरोबर हे पाणीही असतं.

तर सगळं दुखणं या पाण्याचं आहे, म्हणून एवढं सांगत बसले. जुन्या फर्नेसचा धूर चांगला कढत असायचा, लोखंडी धुराड्यातून वर जायचा, त्याच्या वाटेत बर्फ कुठला टिकतोय. पण त्यात बरीच उष्णता फुकट जायची. नव्या फर्नेस काटकसरी, शंभरातली नव्वद-पंच्याण्णव टक्के उष्णता घरासाठी पिळून घेतात, इतकी की धुरातल्या वाफेचं आतच पाणी होतं आणि त्यातून सुटलेली उष्णतासुद्धा कामाला लावतात. उरलेला धूर कोमट असतो, म्हणून तर तो साध्या प्लास्टिकच्या पाइपातून सोडता येतो. पण तो कोमट असतो आणि ओलाही असतो. उणे तीसच्या हवेत असा ओला कोमट श्वास बाहेर पडला की पाइपाच्या ओठावरच गोठायला लागतो. थर चढत जातो. कधी बाहेर सोडलेली वाफ शेजारचा श्वास घेणारा पाइप परत ओढून घेतो आणि मग त्याच्या तोंडावरही बर्फ. कधी बर्फाचा ढीगच वाऱ्याने येऊन बसतो, म्हणून तर ते पाइप बर्फाचा थर जिथवर चढेल त्याच्या निदान फूटभर वर काढायचे असतात.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्या दुपारी काही सुचलं नाही.

लेकीने फोन फिरवून दाखवलं. फर्नेसच्या खालच्या झाकणाला छोटी काच असते, आत एक दिवा लुकलुकत होता, तीनदा, थांबला, परत तीनदा. झाकणामागे चिकटवलेल्या कागदावर त्याचा अर्थ दिलेला होता, प्रेशर स्विच. मग मी आवाज ऐकला, आधी छोट्या पंख्याचं घूंऽऽ, पंधरा-वीस सेकंद, आता टिक होऊन जाळ लागेल असं वाटतं, आणि काहीच नाही, पंखा हळूहळू थांबतो. पुन्हा घूं. पुन्हा शांत. काही वेळा असं करून फर्नेसने स्वतःला कुलूपच घातलं. त्यात असं असतं की जाळ लागण्याच्या आधी हा पंखा पाइप फुंकून बघतो, वाट मोकळी असेल तर एका रबरी नळीतून दाबातला फरक त्या स्विचला कळतो, आणि तेव्हाच गॅस सुटतो. वाट बंद असेल तर गॅस सुटतच नाही, मग घरात कितीही थंडी असो.

मला त्या वेळी त्या स्विचचा राग आला होता. खरंच आला होता. घरात लहान बाळ आहे आणि हे यंत्र नियम सांगत बसलंय. मी लेकीला म्हटलं, अगं तो गॅसचा ओव्हन पेटव, दार उघडं ठेव, बाळाला घेऊन स्वयंपाकघरात बसा. तर ती एकदम करड्या आवाजात म्हणाली, "मम्मी, नाही. ते करायचं नसतं. तूच शिकवलंयस ना, तो धूर जाईल कुठे?"

तिच्या तोंडचे ते शब्द ऐकले आणि माझी आजीच समोर उभी राहिली.

१९९० चा जानेवारी. हीच लेक पोटाशी, बारा दिवसांची, मी माहेरी, अमळनेरच्या अलीकडे बोरीकाठच्या गावात. धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, बाळंतिणीची खोली म्हणजे एक दार आणि हातभर खिडकी. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला. त्या वर्षी बोचरी थंडी होती आणि काकूंनी खिडकीत गोधडी कोंबली, दाराच्या फटीत चिंध्या घातल्या, बाळंतिणीला वारं लागायला नको म्हणून. सगळ्यांच्या मायेचंच होतं ते. आजी रात्री कंदील घेऊन आली, दारात थांबली, नाक वर करून हुंगलं आणि सरळ जाऊन खिडकीतली गोधडी उपसून काढली. काकू म्हणाल्या, अहो सासूबाई, लेकराला गार लागेल. आजी म्हणाली, "धूर कोठे जाई? त्याले बी वाट जोयजे." काकू म्हणाल्या, धूर आहेच कुठे, नुसते निखारे आहेत. त्यावर आजी जे म्हणाली ते मी नंतर सगळ्या वर्गांना सांगत आले, "जो दिसत नही तोच मारस."

ती शाळेत गेलेली नव्हती. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द तिने ऐकलेला नव्हता, त्याला रंग नसतो, वास नसतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं आणि मग झोप येते, ती शेवटची, हे सगळं मी पुस्तकातून शिकले. तिने कुठेतरी कोणाच्या तरी घरी पाहिलं असेल. त्या रात्री माझं डोकं चढलेलं होतं हे मला आठवतं, मी त्याला बाळंतपणाचा थकवा समजले होते. त्या हातभर खिडकीतून गार वारा येत राहिला आणि मी रात्रभर लेकीला छातीशी धरून उबेत ठेवलं, पण सकाळी डोकं हलकं होतं.

तर तीच लेक मला पस्तीस-छत्तीस वर्षांनी सांगत होती की धूर जाईल कुठे. मी म्हटलं बरोबर आहे बेटा, ओव्हन नको. कार्बन मोनॉक्साइडचा तो अलार्म आहे ना चालू? आहे म्हणाली, दोन आहेत, एक बेडरूमच्या बाहेर. मग बिनधुराचं काय आहे? विजेचा एक हीटर होता, तो बाळाच्या खोलीत, पडद्यापासून लांब, दार लोटून. नळ बारीक धारेने सोडून ठेवले, वाहतं पाणी लवकर गोठत नाही म्हणून, आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकली.

जावईबापू दोन कोट अंगावर घालून मागच्या दाराने बाहेर. हातात टॉर्च आणि फोन, मला दिसावं म्हणून नाही, लेकीला आत बसून सांगता यावं म्हणून, पण मीही कॉलवर होते. पहिल्यांदा नुसता अंधार आणि बुटाखाली बर्फाचा आवाज, कोरड्या पऱ्हाट्या तुडवल्यासारखा करकर. मग उजेड पाइपावर पडला.

ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. श्वास सोडणारा पाइप आतून असा भरला होता की गोल तोंडाच्या जागी सुपारीएवढं भोक उरलेलं, आणि खालच्या ओठाला बर्फाची दाढी लोंबलेली, जमिनीपर्यंत टेकायला आलेली. दुसऱ्या पाइपाच्या तोंडावर पाखरं शिरू नयेत म्हणून तारेची जाळी बसवलेली होती, त्या जाळीचं एकही घर उघडं नव्हतं, सगळीवर पिठीसाखरेसारखा थर. म्हणजे श्वास घेताही येत नव्हता आणि सोडताही. मला एकदम आमच्या बागेतली केळ दिसली. केळी लावणाऱ्यांना माहीत आहे, निसवणीच्या वेळी अशी थंडी पडली की घड बाहेर यायच्या जागी खोडाच्या गळ्यातच अडकतो, अर्धा आत अर्धा बाहेर, पानं दाटीवाटीने एकावर एक येतात. झाड जिवंत असतं, मुळं चालू असतात, पण वाट गळ्यात बंद. ते अडकलेले घड पाहिले की आमचे हे दिवसभर जेवत नाहीत.

मी ओरडले, हातोडीने फोडा तो बर्फ. ते म्हणाले, "नाही मम्मी, थंडीत प्लास्टिक पापडासारखं तडकतं, मग भिंतीतला पाइपच गेला." तसंच उकळतं पाणीही नाही. आधी फर्नेसचा स्विच बंद केला, मग किटलीतलं कोमट पाणी थोडं थोडं, आधी जाळीवर, मग त्या दाढीच्या मुळाशी. दुसरी किटली. तिसरी. खाली सांडलेलं पाणी बघता बघता काच होत होतं, पाय घसरू नये म्हणून मीठ टाकलं. आणि तिसऱ्या किटलीला स्क्रीन काळी झाली.

फोन बंद पडला होता, थंडीने. बॅटरी बसते त्या गारठ्यात, हे मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की कॉल कट झाला, आणि लेकीला लावला तर ती उचलेना, कारण ती फोन पलंगावर टाकून लाकडी उलथनं घेऊन दाराकडे धावली होती. पंचवीस मिनिटं. मी ओसरीवर उभी, ऊन तेच, शेजारणीचा रेडिओ चालू, गल्लीतून बोरंवाली गेली, आणि मी हातातली तुरीची शेंग सोलत नव्हते की टाकत नव्हते. इतक्या लांबून काहीच करता येत नाही हे ठाऊक असतं, पण त्या पंचवीस मिनिटांत ते हाडात शिरतं. मला सारखं वाटत होतं की मी तिथे असते तर किमान पाणी तरी तापवून दिलं असतं.

मग लेकीचा फोन आला आणि ती काही बोललीच नाही, तिने नुसता फोन फर्नेसजवळ धरला. घूंऽऽ. टिक टिक टिक. आणि मग भक् करून जाळ लागल्याचा तो आवाज, आणि थोड्या वेळाने मोठा पंखा. मी रडले. ओसरीवर मोठ्याने रडले, आमचे हे आतून धावत आले, काय झालं काय झालं, मी म्हटलं काही नाही, पेटली.

घरातलं तापमान तेरापर्यंत उतरलं होतं. परत वीसवर यायला सकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने दोन तास लावले आणि मला वाटतं पैसे वसूल केले, कारण त्याने नुसता बर्फ नाही, बर्फ का झाला ते शोधलं. पाइप फर्नेसपासून भिंतीपर्यंत जाताना गॅरेजच्या थंड भागातून जात होता, उघडाच, त्याला काही गुंडाळलेलं नव्हतं. आणि मधे एका ठिकाणी त्याचा आधार निसटून पोट लोंबलं होतं. पाइपाला फर्नेसकडे उतार हवा, फुटाला पाव इंच, म्हणजे आत झालेलं पाणी उलट वाहत जाऊन त्या गळतीच्या नळीतून निघून जातं. पोट लोंबलं की पाणी तिथेच साचतं, वाट अर्धी होते, फुंकर थंडावते, आणि उरलेलं काम बाहेरची हवा करते. ज्याने कोणी आधी बसवला त्याला हे माहीत नसेल असं नाही, घाई केली असेल. घर घेताना पाइप कोण बघतं, जावईबापूंनीही नाही बघितला. आता आधार नीट बसवलाय, थंड भागात जाड इन्सुलेशन गुंडाळलंय, जाळी काढून टाकलीय, आणि दोन पाइपांची तोंडं एकमेकांपासून लांब केलीत, म्हणजे एकाने सोडलेलं दुसऱ्याने ओढू नये.

मला त्या स्विचचा जो राग आला होता त्याची आता लाज वाटते. घरात सगळ्यांना ऊब हवी होती तेव्हा तो एकटा आजीसारखा दारात उभा राहून विचारत होता की धूर कोठे जाई. आपल्याकडे जाळ केवढा, गॅस किती, बंब किती लवकर तापतो हे सगळे बघतात, पण जळाल्यावर उरलेलं कुठून बाहेर पडतं ते कोणी बघत नाही. आमच्याच घरी बघा. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, खरं तर तो बाथरूमच्या बाहेरच लावायला हवा होता, आणि वर हातभर झरोका आहे. फोन ठेवून मी तोंड धुवायला गेले आणि वर बघितलं तर झरोक्यात थर्माकोलचा तुकडा बसवलेला, कडेने टेप लावून, व्यवस्थित. दिवाळीनंतर आम्हीच लावला होता, आंघोळीला गार वारं येतं म्हणून. दरवर्षी लावतो. दरवर्षी आपल्या जिल्ह्यात नाहीतर शेजारच्या, कोणीतरी तरुण माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही, पेपरात चार ओळी येतात, गिझर, बंद बाथरूम, गुदमरून. मी वाचून हळहळते आणि आमच्याच झरोक्यात थर्माकोल.

स्टूल घेतलं आणि काढून टाकला. टेप निघेना तर चाकूने कापली. ह्यांनी खालून विचारलं, "आता गारठा येईल नं?" म्हटलं येऊ द्या. आणि प्लंबरला फोन करून सांगितलं, गिझर बाहेरच्या भिंतीला घ्यायचाय, याच आठवड्यात. शेजारच्या दोन घरी जाऊनही सांगून आले. एकीने काढला, एकीने हो हो म्हटलं, तिच्याकडे मी परत जाणार आहे.

त्या रात्रीपासून लेक झोपायच्या आधी मागच्या खिडकीतून एक फोटो काढून पाठवते, आपल्याकडे तेव्हा सकाळ असते, मी चहा ठेवलेला असतो. फोटोत काही नसतं, अंधार, बर्फ आणि दोन पांढरे पाइप, एकातून वाफ निघालेली. कालच्या फोटोखाली लिहिलं होतं, उणे २९, दोन्ही मोकळे. इकडे ९ होतं. पारा १२ च्या खाली गेला की केळीला जपावं लागतं, म्हणून ह्यांनी रात्रभर बागेला पाणी धरलं होतं आणि बांधाला पालापाचोळ्याच्या शेकोट्या लावून धूर केला होता. ते आले तेव्हा स्वेटरला धुराचा वास होता, डोळे लाल. मी फोन पुढे केला, त्यांनी चष्मा न लावताच लांब धरून बघितला आणि म्हणाले, "वाफ चांगली सरळ चाललीय."